इस्पितळातून घरी आल्यावर

'पुनर्वसन' हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे कोयनेचे धरणग्रस्त उभे राहतात. कल्याणकरांना फाळणीनंतर येथल्या लष्करी छावणीत येऊन राहिलेले सिंधी निर्वासित आठवतात. त्या छावणीचे पुढे १९४९ मध्ये उल्हासनगर झाले. उखडलेल्या माणसाला पुन्हा जमिनीवर उभे करणे, हा या शब्दाचा अर्थ. परंतु हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला माणूसही एका अर्थाने उखडलेलाच असतो, आणि त्याचेही पुनर्वसन करावे लागते, ही गोष्ट मला गेल्या पावसाळ्यापर्यंत ठाऊक नव्हती. मी कलाशाखेचा विद्यार्थी. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध नाही. तरीही या विषयावर लिहीत आहे, कारण हे शास्त्र आमच्या दोन खोल्यांच्या घरात बारा आठवडे मुक्कामाला होते.

आषाढात एका पहाटे बाबांच्या छातीत कळ आली. ठाण्याच्या एका रुग्णालयात अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला, पाचव्या दिवशी ते डोंबिवलीला घरी आले. सोबत गोळ्यांची पिशवी होती आणि एक कागद. कागदावर इंग्रजीत औषधांची यादी आणि खाली एकच ओळ : विश्रांती घ्यावी, जड काम टाळावे. विश्रांती म्हणजे किती? जड म्हणजे काय? पाण्याची बादली जड की बाजाराची पिशवी? जिना चढावा की नाही? याचे उत्तर कागदावर नव्हते. म्हणून आम्ही घरातल्यांनी आमच्या बुद्धीप्रमाणे उत्तर काढले. बाबांना पलंगावरून उठूच द्यायचे नाही! पाण्याचा पेला आईने हातात द्यायचा, वर्तमानपत्र मी आणून द्यायचे. पंधरा दिवसांत बाबा असे दिसू लागले, की झटक्याने जेवढे खचले नव्हते तेवढे आमच्या सेवेने खचले.

आमची ही समजूत अगदीच निराधार होती असे नाही. जुन्या वैद्यकातही तीच होती. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद झाली की त्या भागातला स्नायू मरतो. तेथे व्रण भरून घट्ट होण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर हृदयावर ताण पडू नये, या हेतूने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुग्णाला सहा सहा आठवडे अंथरुणास खिळवून ठेवीत. या विचाराला १९५२ मध्ये बोस्टनच्या सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन या डॉक्टरांनी धक्का दिला. त्यांनी रुग्णांना पहिल्या काही दिवसांतच आरामखुर्चीत बसवले. अनर्थ तर झाला नाहीच, उलट रुग्ण सुधारले. १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला, तेव्हा त्यांचे डॉक्टर पॉल डडली व्हाइट यांनी त्यांना हळूहळू हिंडण्या-फिरण्यास उत्तेजन दिले, आणि पुढल्याच वर्षी ते पुन्हा निवडून आले. त्याहूनही जुनी नोंद इंग्रज वैद्य विल्यम हेबर्डन यांची आहे. छातीतल्या कळेचे नेमके वर्णन अठराव्या शतकात त्यांनीच केले. रोज अर्धा तास लाकडे कापण्याचा नेम धरून जवळजवळ बरा झालेला एक रुग्ण त्यांनी पाहिला होता.

अंथरुणाची शिक्षा निरोगी शरीराला तरी मानवते का? १९६६ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे वीस वर्षांच्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर निजवून ठेवण्यात आले. तेवढ्यात त्यांची श्रम करण्याची क्षमता पावपटीहून अधिक घटली. गंमत पुढेच आहे. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी केली, तेव्हा असे दिसले की तीस वर्षांच्या वार्धक्याने त्यांचे जेवढे नुकसान केले, त्याहून अधिक त्या तीन आठवड्यांच्या निजण्याने केले होते. वीस वर्षांच्या तरुणाची ही गत, तर चोपन्न वर्षांच्या माणसाची काय कथा!

आणखी एक उदाहरण रोज बसने महाविद्यालयात येणाऱ्या आपल्यासारख्यांना पटेल. लंडनच्या दुमजली बसगाड्यांचे चालक आणि वाहक यांचा अभ्यास जेरी मॉरिस यांनी केला आणि तो १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. चालक दिवसभर बसलेला असतो. वाहक तिकिटे देत दिवसाकाठी पाचशे-साडेसातशे पायऱ्या चढतो. एकच गाडी, एकाच संस्थेची नोकरी, तरी वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला, आणि ज्यांना झाला त्यांना तो सौम्य झाला.

व्यायामाने हे कसे घडते? मरण पावलेला स्नायू व्यायामाने जिवंत होत नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. सुधारणा होते ती प्रामुख्याने इतरत्र. पायांचे आणि पाठीचे स्नायू रक्तातील प्राणवायू अधिक चांगला शोषून घ्यायला शिकतात. त्यामुळे तेवढ्याच कामासाठी हृदयाला कमी ठोके द्यावे लागतात. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला बहुतांश रक्त मिळते ते दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात. ठोके कमी झाले की हा विसावा लांबतो, म्हणजे हृदयाचे श्रम घटतात आणि त्याचे पोषण वाढते. शिवाय रक्तदाब आणि रक्तातील साखर ताब्यात राहते, रक्तवाहिन्यांचे अस्तर सुधारते. कारकुनाच्या भाषेत सांगायचे तर हृदयाचा पगार वाढत नाही, पण घरातली उधळपट्टी थांबते.

तथापि हृदय-पुनर्वसन म्हणजे केवळ व्यायाम नव्हे. त्याचे चार पाय आहेत : मोजून-मापून दिलेला व्यायाम, औषधे न चुकता घेणे, आहार सुधारणे व तंबाखू सोडणे, आणि मनाची उभारी. पद्धतशीर केंद्रांत आठवड्यातून तीन वेळा, बारा आठवडे, म्हणजे छत्तीस वेळा रुग्णाला बोलावतात. आम्हाला ज्या केंद्राचे नाव कोणी सुचवले ते दक्षिण मुंबईत होते. मी सहज हिशेब केला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते डोंबिवली ४८ किलोमीटर. जाऊन येऊन ९६. छत्तीस फेऱ्यांचे सुमारे साडेतीन हजार किलोमीटर झाले! इतका प्रवास, तोही लोकलच्या गर्दीत, आणि सोबतीला घरातल्या कमावत्या माणसाची रजा. ज्या माणसाला फलाटावरची धक्काबुक्की सोसवेल त्याला पुनर्वसनाची गरजच काय, असे आई म्हणाली. ते खरेच होते.

ही अडचण केवळ डोंबिवलीकरांची नाही. केंद्रे असलेल्या श्रीमंत देशांतही पुष्कळ रुग्ण अंतर, नोकरी किंवा संकोच यांमुळे तेथे जात नाहीत. म्हणून केंद्रच घरी नेण्याची कल्पना निघाली. स्कॉटलंडमध्ये रुग्णाने घरी वाचून आठवड्या-आठवड्याने पुढे जावे असे एक पुस्तक तयार झाले, आणि मधूनमधून परिचारिकेने चौकशी करावी अशी योजना झाली. त्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आले. रुग्णांची भीती व खिन्नता कमी झाली, आणि डॉक्टरांकडे व रुग्णालयात धाव घेण्याचे प्रसंगही घटले. पुढे जगभरच्या अशा प्रयोगांची छाननी कॉक्रेन या संस्थेने वेळोवेळी केली. २०१७ आणि २०२३ च्या आढाव्यांचा निष्कर्ष असा की, निवडक रुग्णांच्या बाबतीत घरचे पुनर्वसन आणि केंद्रातले पुनर्वसन यांच्या फलात वर्षभराच्या मुदतीत फारसा फरक दिसत नाही.

आपल्याकडेही या दिशेने कामे झाली आहेत. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. के. के. दाते आणि त्यांचे सहकारी यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना शवासन शिकवून त्याचा परिणाम मोजला व १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. भारतातील २४ रुग्णालयांत ३,९५९ रुग्णांवर योगाधारित पुनर्वसनाची चाचणी झाली. रुग्णांनी योग शिकून घरी चालू ठेवायचा होता. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या रुग्णांना आपली प्रकृती अधिक चांगली वाटली आणि ते पूर्वीच्या कामांकडे अधिक प्रमाणात परतले. मात्र पुन्हा झटका येणे वा मृत्यू यांचे प्रमाण निश्चितपणे घटले असे सिद्ध झाले नाही. हेही सांगणे प्रामाणिकपणाचे आहे. २०१६ मधील दुसऱ्या एका भारतीय चाचणीत डॉक्टर नव्हेत, तर प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी झटक्यानंतर रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा केला, तेव्हा औषधे नियमित घेण्याचे प्रमाण वाढले.

मराठी वाचकाला येथे डॉ. अभय बंग यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्यांचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक २००० साली आले आणि घराघरांत वाचले गेले. पन्नाशीच्या आत हृदयविकार झालेला एक डॉक्टर गडचिरोलीसारख्या दूरच्या जिल्ह्यात राहून आपला आहार, व्यायाम आणि मन यांची पुनर्रचना करतो, ही त्याची कथा. मला विशेष वाटते ते असे की, याच डॉक्टर दांपत्याने गडचिरोलीत नवजात बालकांची सेवा गावातल्या स्त्रियांमार्फत घरोघरी नेली, आणि बालमृत्यू त्याने घटतात हे १९९९ मध्ये जगापुढे मांडले. 'घरी होणारी सेवा ही दुय्यम सेवा' ही समजूत महाराष्ट्राच्या एका कोपऱ्यात तेव्हाच खोटी ठरली होती.

आता आमच्या घरची हकिकत. बाबांना दुसऱ्या तपासणीला नेले तेव्हा तेथील डॉक्टरांनी फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठवले. घरच्या पुनर्वसनाला प्रत्येक रुग्ण योग्य नसतो. ज्यांचे हृदय फार दुर्बल झाले आहे, ठोके अनियमित पडतात किंवा थोड्या श्रमानेही छातीत दुखते, त्यांनी देखरेखीखालीच व्यायाम केला पाहिजे. म्हणून आधी परीक्षा. सोनोग्राफीने हृदयाची शक्ती पाहिली. नंतर तीस मीटरच्या सरळ मार्गिकेत सहा मिनिटे चालायला लावले आणि अंतर मोजले. बाबा ३१० मीटर चालले. त्यावरून त्यांना आठवड्याचा पाठ लिहून मिळाला : किती वेळा, किती वेळ, किती वेगाने. सुरुवात होती दिवसातून दोनदा प्रत्येकी आठ मिनिटे, आणि दर आठवड्याला थोडी वाढ. आधी पाच मिनिटे अंग सैल करणे आणि शेवटी पाच मिनिटे हळू चालणे, एकदम थांबायचे नाही. पावसाचे दिवस असल्याने इमारतीच्या तळमजल्यावर, उभ्या स्कूटरींमधून वाट काढत हा पाठ सुरू झाला.

वेग कसा ठरवायचा, हा खरा प्रश्न होता. नाडीवर भरवसा ठेवता येत नव्हता, कारण बाबांना ठोके मंद ठेवणारी बीटा ब्लॉकर जातीची गोळी चालू होती. अशा वेळी स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची मोजपट्टी वापरतात. श्रम किती वाटतात हे रुग्णानेच सहा ते वीस या आकड्यांत सांगायचे. सहा म्हणजे मुळीच श्रम नाहीत, अकरा म्हणजे हलके, तेरा म्हणजे जरा अवघड, वीस म्हणजे आता प्राण जातो. बाबांना अकरा ते तेरा यांच्या दरम्यान राहायचे होते. मानसशास्त्र घेतलेल्या मित्रांनी ध्यानात घ्यावे, की हृदयाच्या उपचारातले हे एक नित्याचे उपकरण एका मानसशास्त्रज्ञाने दिले आहे, आणि त्याला यंत्र लागत नाही.

तरी बाबा आकड्यांत अडखळत. तेव्हा बाईंनी दुसरी कसोटी सांगितली : चालताना बोलता आले पाहिजे, पण गाता येता कामा नये. बोलताही येत नसेल तर वेग जास्त, गाता येत असेल तर कमी. बाबांचा चेहरा उजळला. वीस वर्षे ते सकाळच्या लोकलमध्ये भजनी मंडळात टाळ वाजवत आले आहेत. त्या दिवसापासून आमच्या घरात 'भजनाची कसोटी' हा शब्द रूढ झाला.

दर बुधवारी बाईंचा फोन येई, कधी व्हिडिओवर. "काका, या आठवड्यात किती चाललात? कितीचा आकडा वाटला? पायावर सूज आहे का?" मी वहीत रोज चालण्याचा वेळ, बोर्गचा आकडा, रक्तदाब आणि वजन लिहीत असे. या नोंदींना अर्थ असतो. ज्यांचे हृदय दुर्बल आहे त्यांचे वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोने वाढले, तर ते अन्नाने नव्हे, अंगात पाणी साठल्याने वाढलेले असते, आणि डॉक्टरांना तत्काळ कळवावे लागते.

चौथ्या बुधवारी त्यांनी निराळाच प्रश्न विचारला : "काका, रक्त पातळ ठेवण्याच्या गोळीच्या पट्टीत किती उरल्या आहेत?" मी मोजल्या. पाच गोळ्या जास्त निघाल्या. बाबा गप्प बसले. मग म्हणाले, "पोटात जळजळते, म्हणून अधूनमधून सोडतो. तुम्हाला आणखी कशाला त्रास द्यायचा?" नव्या स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून ती गोळी असते. ती मनाने थांबवणे म्हणजे दुसऱ्या झटक्याला आमंत्रण. त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलणे झाले, जळजळीवर औषध मिळाले आणि गोळी सुटणे बंद झाले. आम्ही तिघे एकाच छताखाली राहत होतो. पण ही गोष्ट उघडकीस आणली ती फोनवरच्या माणसाने. 'किती उरल्या' हा प्रश्न 'घेतली का' या प्रश्नाहून किती वेगळा आहे, हे मी तेव्हा शिकलो.

घरी व्यायाम करणाऱ्याने काही खुणा पाठ केल्याच पाहिजेत. छातीत दाब किंवा कळ, जबड्याकडे वा हाताकडे जाणारे दुखणे, नेहमीपेक्षा वेगळी धाप, भोवळ, थंड घाम. यांपैकी काहीही झाले की तिथेच थांबायचे, बसायचे, डॉक्टरांनी दिली असल्यास जिभेखालची गोळी त्यांनी सांगितल्याप्रमाणे घ्यायची, आणि बरे न वाटल्यास वाट न पाहता १०८ क्रमांकाला फोन करायचा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. जेवल्यावर लगेच चालू नये, दुपारच्या उन्हात चालू नये. बायपास झालेल्यांची छातीची हाडे जुळेपर्यंत त्यांनी जड वस्तू उचलू नये वा ढकलू नये.

चौथ्या पायाविषयी, म्हणजे मनाविषयी, आपल्याकडे कोणी बोलत नाही. झटक्यानंतर साधारणतः पाचांपैकी एकाला तीव्र खिन्नता येते, आणि खिन्न माणूस ना चालतो, ना गोळ्या घेतो. बाबा रात्री जागे राहून स्वतःची नाडी मोजत. मळलेल्या तंबाखूची आठवण त्यांना छळे. त्यांनी ती सोडली, पण 'सोडली' हा शब्द एका दिवसाचा नव्हे. तो रोज सकाळी नव्याने उच्चारावा लागतो.

आणि बायकांचे काय? बाबा पलंगावर होते तेव्हा आई उभी होती. हाच झटका तिला आला असता तर? पुरुषासाठी घर म्हणजे विश्रांती. स्त्रीसाठी तेच कामाचे ठिकाण. तिला 'घरी जा, आराम करा' असे सांगणे म्हणजे गिरणी कामगाराला 'गिरणीत जाऊन आराम करा' म्हणण्यासारखे आहे. केंद्रापर्यंत जाण्याचे प्रमाणही स्त्रियांत कमी असते. घरच्या पुनर्वसनाचा लाभ खरा त्यांनाच व्हायला हवा. पण त्यासाठी तिची वीस मिनिटे ही तिचीच आहेत, हे घराने आधी मान्य करायला हवे.

या पद्धतीच्या मर्यादा मी झाकून ठेवत नाही. फोन नसलेल्याला, ऐकू न येणाऱ्याला, एकट्या राहणाऱ्याला ती अपुरी पडते. चालायला जागा हवी, आणि आपल्या शहरांतले पदपथ फेरीवाल्यांनी व खोदकामाने व्यापलेले. शासनाच्या महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेमुळे अनेक गरिबांना हृदयाची शस्त्रक्रिया परवडली, ही मोठी गोष्ट आहे. परंतु शस्त्रक्रियेचे बिल ज्या दिवशी संपते, त्याच दिवशी रुग्णाचे खरे काम सुरू होते. शास्त्रीनगर, रुक्मिणीबाई, कळवा अशी पालिकांची रुग्णालये आपल्या परिसरात आहेत. एक फोन, एक वही आणि एक प्रशिक्षित माणूस, एवढ्यावर तेथून किती घरांपर्यंत पोचता येईल!

यात आपण कलाशाखेचे विद्यार्थी काय करू शकतो, असे कोणी विचारील. मला एक काम दिसते. रुग्णाच्या हाती पडणारा तो कागद मराठीत आणणे. 'जड काम टाळावे' याऐवजी 'पहिल्या महिन्यात भरलेली बादली उचलू नका, पण तांब्या स्वतः भरून घ्या' असे लिहिणे. ते भाषेचे काम आहे, आणि आपण भाषा शिकतो.

बाराव्या आठवड्यानंतर बाबा पुन्हा त्या मार्गिकेत चालले. ४१५ मीटर. आता ते सकाळी भागशाळा मैदानात फेऱ्या मारतात. डॉक्टरांच्या अनुमतीने ते कामावर जाऊ लागले त्या पहिल्या दिवशी मी सोबत गेलो. स्टेशनच्या पुलावर ते मध्ये एकदा थांबले, मला म्हणाले, "बारा," आणि पुन्हा चढू लागले. नेहमीच्या डब्यात मंडळींनी त्यांना जागा करून दिली व टाळ पुढे केले. त्यांनी टाळ घेतले, पण गाणे लगेच सुरू केले नाही. आधी धाप बसू दिली.